फोनवर पाठवलेला धडा कोणापर्यंत पोचतो? सोलापुरातील शाळा-महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे मुख्याध्यापक, प्राचार्य आणि संस्थाचालक

विषय : फोनवरून चालणाऱ्या अध्यापनात वगळल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

माझी मुलगी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला शिकते, तेथे दिवाळीच्या सुट्टीनंतर एक सूचना निघाली. यापुढे टिपणे, स्वाध्याय आणि सराव प्रश्नपत्रिका वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच दिल्या जातील, छापील प्रती बंद करण्यात येत आहेत आणि शनिवारचे तास ऑनलाइन घेतले जातील, असे त्या चार ओळींच्या सूचनेत म्हटले होते. कागदाचा आणि छपाईचा खर्च वाचवावा, शनिवारी लांबून येणाऱ्या मुलांचा एसटीचा प्रवास टळावा, हा त्यामागचा हेतू मला समजतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु ही सूचना काढताना आपल्या वर्गात कोण कोण बसते याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. माझी मुलगी जन्मापासून दृष्टिहीन आहे. तिच्यासाठी वेगळे काय करणार, याबद्दल त्या सूचनेत एक शब्दही नव्हता, आणि चौकशी केल्यावर मिळालेले उत्तर ‘घरात कोणीतरी वाचून दाखवेलच ना’ एवढेच होते.

त्या महाविद्यालयाचे नाव मी येथे घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच आज अनेक ठिकाणी चालू आहे आणि हे पत्र एका संस्थेविरुद्धची तक्रार म्हणून वाचले जावे, अशी माझी इच्छा नाही. मी स्वतः शहराच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातील अनेक मुलांच्या आया घरी विड्या वळतात, वडील यंत्रमागावर किंवा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला आहेत, आणि कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते. त्यामुळे पालक म्हणून आणि शिक्षिका म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी मला ही गोष्ट दररोज दिसते आणि म्हणूनच ती जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

मार्च 2020 मध्ये शाळा अचानक बंद झाल्या, तेव्हा जे हाताशी होते त्यावर सर्वांनी काम चालवले. त्या काळात शिक्षकांनी घेतलेले कष्ट मी जवळून पाहिले आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत राज्यभर दीक्षा हे शासनाचे अभ्यासाचे ॲप वापरले गेले, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका दाखवली गेली, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड मुलांच्या हाती आले. त्या क्यूआर कोडची कल्पना माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून पुढे आली आणि तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, याचा प्रत्येक सोलापूरकराला अभिमान आहे. त्याच वर्षी आपल्या शहरातील नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही अशा कामगारांच्या मुलांनी गल्लीतून जाता-येता ते वाचावेत, अंतर राखून उभे राहून अभ्यास करावा, अशी ती योजना होती. मुलांपर्यंत फोन पोचत नाही असे दिसताच त्या शिक्षकांनी फोनवाचूनचा मार्ग शोधला. माझ्या मुलीला त्या भिंतींचा उपयोग झाला नसता, हे खरे आहे. पण आपला विद्यार्थी कोण आणि त्याच्याकडे काय आहे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला आणि साधन नंतर निवडले. आज आपण नेमके याच्या उलट करत आहोत.

कारण शाळा उघडल्या, अनेक ठिकाणी पहिली-दुसरीची मुलेही डिसेंबर 2021 मध्ये वर्गात परतली, तरी फोनवरचे शिक्षण काही परत गेले नाही. ते आता दैनंदिन कामकाजाचा भाग झाले आहे. गृहपाठ ग्रुपवर, वेळापत्रक ग्रुपवर, सहामाहीचा अभ्यासक्रम ग्रुपवर. अतिवृष्टीची सुट्टी पडली की तास ऑनलाइन, उन्हाळ्यात पारा चढून शाळा लवकर सुटू लागली की उरलेला भाग ऑनलाइन. संकटात केलेली तात्पुरती सोय कायमची झाली, आणि ती कायमची करताना जी तपासणी व्हायला हवी होती ती मात्र राहून गेली. माझ्या सगळ्या तक्रारींचे मूळ येथे आहे.

पहिली तक्रार फोटोंची आहे, आणि ती मी थोडी सविस्तर मांडते, कारण डोळस माणसाला ती सहजी लक्षात येत नाही. माझी मुलगी फोन वापरते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती चालू केली की बोट ठेवाल तेथील मजकूर फोन मोठ्याने वाचून दाखवतो. मराठीही वाचतो. मैत्रिणींचे निरोप, बातम्या, बसचे वेळापत्रक, सगळे ती या सोयीने स्वतः वाचते. आता वर्गाच्या ग्रुपवर इतिहासाची टिपणे येतात ती कशी येतात? वहीचे पान टेबलावर ठेवून, वरून फोन धरून काढलेल्या फोटोच्या रूपात. पान थोडे तिरके असते, ट्यूबलाइटचा उजेड मधल्या ओळींवर पडलेला असतो, कोपऱ्यात अंगठा दिसतो. डोळस मुलेसुद्धा ते मोठे करून, फोन आडवा करून कशीबशी वाचतात. माझी मुलगी त्यावर बोट ठेवते तेव्हा फोन फक्त ‘फोटो’ असे म्हणतो, पाठवल्याची वेळ सांगतो आणि गप्प बसतो. असे दहा फोटो आले तर दहा वेळा तेच ऐकू येते. त्या पानावर काय लिहिले आहे ते कळण्यासाठी तिला मी शाळेतून घरी येण्याची वाट पाहावी लागते. अकरावीतील मुलीने, जी स्वतः वाचू शकते, केवळ पाठवणाऱ्याने टंकलेखन न करता फोटो पाठवला म्हणून संध्याकाळपर्यंत थांबावे, हे मला मान्य नाही.

कोणी म्हणेल की फोटोतून अक्षरे ओळखणारी ॲप्स आता आली आहेत. आली आहेत, आणि छापील इंग्रजी मजकुरावर ती बरीच बरी चालतात. पण घाईत लिहिलेले मराठी हस्ताक्षर, त्यात जोडाक्षरे, खोडाखोड आणि समासात चढवलेली ओळ असेल, तर त्यातून जे बाहेर येते त्यावर परीक्षेचा अभ्यास करता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे आणि तिच्याकडे आजवर जवळपास कोणाचेच लक्ष गेलेले नाही. अनेक संस्था प्रश्नपत्रिका आणि प्रश्नपेढ्या डीटीपी करणाऱ्याकडून तयार करून घेतात. तो वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरत आला आहे. पडद्यावर मराठी अक्षरे सुरेख दिसतात, कागदावरही सुरेख उमटतात. पण संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नसतात, रोमन अक्षरे आणि चिन्हे यांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. अशी पीडीएफ टॉकबॅकने उघडली की फोन एबीसीडीतील काहीबाही अक्षरे आणि चिन्हांची नावे वाचत सुटतो. माझ्या मुलीने पहिल्यांदा अशी प्रश्नपेढी उघडली तेव्हा आपला फोन बिघडला असे तिला वाटले होते. फोन ठीक होता. तीच प्रश्नपेढी युनिकोडमध्ये टंकलिखित केली असती, तर तिने ती बसमध्ये बसल्या बसल्या ऐकली असती. युनिकोडला वेगळा खर्च नाही. ते प्रत्येक फोनमध्ये आणि प्रत्येक नव्या संगणकात आहे, आपण सारे व्हॉट्सॲपवर मराठी लिहितो ते युनिकोडच असते. डीटीपीवाल्याला ‘फाइल युनिकोडमध्ये हवी’ असे एकदा ठामपणे सांगण्याचीच काय ती गरज आहे.

आकृत्या, आलेख आणि नकाशे यांचेही असेच आहे. भूगोलाच्या शिक्षकांनी भीमा नदीच्या खोऱ्याचा नकाशा पाठवला आणि खाली ‘नीट अभ्यासा’ असे लिहिले, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती काहीच पडत नाही. ‘नदी वायव्येकडून जिल्ह्यात येते, वाटेत उजनीचे धरण आहे, पुढे पंढरपूरवरून आग्नेयेकडे जाते आणि सीना तिला दक्षिणेकडे येऊन मिळते’ अशी तीन-चार वाक्ये सोबत बोलून पाठवली, तर नकाशा तिच्या मनात उभा राहतो. वर्गात शिकवताना आपण हे सगळे बोलतच असतो. फोनवर पाठवताना तेवढे बोलणे गळून पडते.

ऑनलाइन तासाबद्दल मी माझ्याच वर्गातील एका मुलाचे उदाहरण देते. तो कर्णबधिर आहे, श्रवणयंत्र लावतो, आणि समोरच्याच्या ओठांच्या हालचालींवरून पुष्कळसे समजून घेतो. वर्गात मी त्याला पहिल्या बाकावर बसवते, फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही हे पथ्य पाळते, आणि महत्त्वाचा शब्द फळ्यावर लिहिते. तेवढ्यावर तो इतरांच्या बरोबरीने चालतो. परंतु त्याच्यासाठी ग्रुपवर पुढे पाठवला जाणारा गणिताचा व्हिडिओ म्हणजे एक पांढरा कागद, त्यावर चालणारा एक हात आणि मागून येणारा आवाज. ओठ कोठेच दिसत नाहीत. फोनच्या छोट्या स्पीकरमधून येणारा आवाज श्रवणयंत्रातून आणखी फाटतो. खाली मजकुराची पट्टी नसते, आणि आपोआप उमटणाऱ्या मराठी पट्टीत पारिभाषिक शब्दांचे काय होते ते आपण स्वतः एकदा पाहावे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र 2015 पासून काम करत आहे, त्याच्या शब्दकोशात 10,000 हून अधिक शब्दांचे संकेत उपलब्ध आहेत, एनसीईआरटीची पुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार 2020 मध्ये झाला आहे. पण आपल्या किती शिक्षकांना हे माहीत आहे, आणि राज्य मंडळाच्या पुस्तकांवर शिकणाऱ्या मुलापर्यंत त्यातील काय पोचते, हा प्रश्न कोणत्याही बैठकीत निघाल्याचे मी ऐकलेले नाही.

आता फोन कोणाकडे असतो, हेही पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या पाहणीत देशातील सुमारे 24 टक्के घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे 15 टक्के होते. त्यानंतर फोन पुष्कळ वाढले, हे मान्य. ग्रामीण भागातील शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या 2020 च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे 62 टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, 2018 मध्ये हेच प्रमाण सुमारे 36 टक्के होते. आज ते आणखी वाढले असणार. पण घरात फोन असणे आणि अभ्यासाच्या वेळी तो मुलाच्या हाती असणे यांत फार अंतर आहे. वडील यंत्रमागावर पाळीला जातात तेव्हा फोन त्यांच्या खिशात असतो. रात्री ते येतात, जेवतात, तेव्हा तीन भावंडांमध्ये एक फोन फिरतो, आणि त्यात मुलाचा नंबर बहुधा मुलीच्या आधी लागतो. 28 दिवसांचा रिचार्ज संपला की पुढचा पगार होईपर्यंत थांबावे लागते. आई विड्या वळायला बसली की मुलगी शेजारी बसून विड्यांची तोंडे मुडपते, आणि कारखान्यात माल देण्याची वेळ गाठण्यासाठी दोघींचे हात चालू राहतात. त्या वेळेत ऑनलाइन तास लावला, तर ती मुलगी ‘गैरहजर’ ठरते. एप्रिलमध्ये आपल्या शहरात पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून फोनच्या पडद्याकडे पाहणे कसे असते, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

भाषेची बाब मी त्या मानाने थोडक्यात सांगते, कारण ती आपण सर्व जाणताच. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू या भाषा घराघरांत आहेत. अक्कलकोट तालुक्यात कन्नड माध्यमाच्या आणि शहरात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, बालभारती या भाषांतूनही पुस्तके छापते. पण ग्रुपवर पुढे पाठवले जाणारे व्हिडिओ बहुतेक मराठी किंवा इंग्रजी असतात. वर्गात एखादी मुलगी गोंधळली की तिच्या शेजारची मैत्रीण तेलुगूत दोन वाक्ये सांगते आणि काम भागते. एकटीने फोनसमोर बसलेल्या मुलीला ती मैत्रीण नसते.

ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांबरोबर दिवाळीनंतर फडावर राहणारी मुले, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या महापुराने ज्यांच्या घरात पाणी शिरले, वह्या-पुस्तके भिजली, फोन बंद पडले ती मुले, यांचाही समावेश ‘ग्रुपवर पाठवले आहे’ या एका वाक्यात आपोआप होतो, असे गृहीत धरले जाते. पुराच्या त्या दिवसांत तालुक्यांतील शाळांना सुट्टी होती आणि ग्रुपवर मात्र स्वाध्याय येत होते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना एका संदेशात सात सूचना दिल्या तर त्यांतील दोनच लागू पडतात. त्यांना एकेक सूचना, थांबून, पुन्हा सांगून द्यावी लागते. हे प्रशिक्षणांत सांगितले जाते आणि फोन हातात घेताच विसरले जाते.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. संदेशापुढे दोन निळ्या खुणा दिसल्या की धडा शिकवून झाला, असे धरले जाते. स्वाध्याय न पाठवणाऱ्यांच्या नावांची यादी सर्वांसमोर ग्रुपवर टाकली जाते. या यादीत माझ्या मुलीचे नाव आले आहे. जो स्वाध्याय तिला वाचताच आला नाही तो तिने दिला नाही, म्हणून तिचे नाव वर्गातील सगळ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी वाचले. तिने ते टॉकबॅकवर ऐकले, कारण यादी मात्र व्यवस्थित टंकलिखित होती. ती त्यावर काही बोलली नाही. मी बोलत आहे.

यावर कायदा काय म्हणतो, तेही येथे नोंदवते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्याच्या कलम 16 नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी समावेशक शिक्षण द्यावे, प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, दृष्टिहीन आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांना त्यांच्यासाठी सर्वांत योग्य अशा भाषेत आणि माध्यमात शिक्षण मिळावे, अशी अपेक्षा आहे. कलम 17 मध्ये 18 वर्षांपर्यंतच्या पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना पुस्तके, अन्य शैक्षणिक साहित्य आणि साहाय्यक साधने मोफत देण्याचे म्हटले आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, असे कलम 42 सांगते. 2020 मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताच्या शिक्षण मंत्रालयाने) ऑनलाइन शिक्षणाबाबत ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांच्या दोन तासिकांहून अधिक ऑनलाइन शिकवू नये असे म्हटले होते. 2021 मध्ये दिव्यांग मुलांसाठी ई-साहित्य कसे तयार करावे, याच्या स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही आल्या. आणि एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. बारावीच्या परीक्षेत माझ्या मुलीला लेखनिक मिळेल, जादा वेळ मिळेल, तो तिचा हक्क आहे. परंतु वर्षभर अभ्यासाचे साहित्यच तिच्यापर्यंत पोचले नाही, तर परीक्षेतील त्या जादा वेळात ती काय लिहिणार?

‘एका विद्यार्थ्यासाठी सगळी पद्धत बदलायची का?’ हे वाक्य मी ऐकले आहे, ते विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हेही मला माहीत आहे. शिक्षकांवर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत कामांचा किती भार असतो, ते मी स्वतः सोसते. तरीही मी म्हणेन की जो बदल मी मागते आहे त्याने काम फारसे वाढत नाही. मराठीत बोलले की फोन स्वतः टाइप करतो. एक पान टिपणे अशी बोलून, दुरुस्त करून पाठवायला फोटो काढण्यापेक्षा थोडाच वेळ अधिक लागतो, आणि पुढच्या वर्षी तीच फाइल पुन्हा वापरता येते. टंकलिखित मजकुराला डेटा अगदी कमी लागतो, म्हणून जुना फोन आणि छोटा रिचार्ज असलेल्या घरातही तो उघडतो. आवाजात पाठवलेली टिपणे विड्या वळता वळता ऐकता येतात. वाचता न येणाऱ्या आईलाही आपल्या मुलाला काय शिकवले जात आहे ते कळते. दृष्टिहीन मुलीसाठी केलेली सोय अशी कितीतरी मुलांच्या कामी येते. माझ्या शाळेतील काही सहकाऱ्यांनी ही पद्धत सुरू केली आहे, आणि तिचा त्रास झाल्याचे त्यांच्यापैकी कोणी म्हणालेले नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत :

1. ग्रुपवर जाणारा प्रत्येक धडा, टिपण आणि प्रश्नपत्रिका युनिकोड मराठीत टंकलिखित असावी. फोटो पाठवायचाच असेल, तर सोबत तोच मजकूर टाइप करून किंवा आवाजात द्यावा. आकृती, आलेख व नकाशा यांचे तीन-चार वाक्यांत वर्णन असावे. डीटीपीचे काम देतानाच युनिकोडची अट लेखी घालावी.

2. छापील प्रती पूर्णपणे बंद करू नयेत. ज्यांच्या घरी फोन नाही किंवा अभ्यासाच्या वेळी तो मिळत नाही, त्यांना कारण न विचारता, विनाशुल्क प्रत द्यावी. शाळेच्या कार्यालयाबाहेर एक खोके ठेवून त्यात प्रती ठेवल्या, तर मुलांना मागण्याचा संकोचही होणार नाही.

3. शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या व्हिडिओत चेहरा व ओठ दिसावेत, आणि मुख्य मुद्दे पडद्यावर किंवा सोबत लिखित स्वरूपात असावेत. कर्णबधिर विद्यार्थी असलेल्या वर्गाचा तास, शक्य तेथवर, ऑनलाइन घेऊच नये.

4. ऑनलाइन तासाच्या हजेरीवरून आणि ग्रुपवरील स्वाध्यायावरून अंतर्गत गुण कापू नयेत, जोपर्यंत तो स्वाध्याय त्या विद्यार्थ्याला वापरता येईल अशा रूपात दिला गेला होता याची खात्री झालेली नाही. नावांच्या याद्या ग्रुपवर टाकणे आजच थांबवावे.

5. प्रत्येक वर्गशिक्षकाने सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारावे : घरी फोन कोणाचा, तो कधी मिळतो, घरची भाषा कोणती, वाचण्या-ऐकण्यात काही अडचण आहे का. हा प्रश्न वर्गात सर्वांसमोर हात वर करायला लावून विचारू नये.

6. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकांना नुसत्या नोंदी भरण्यापुरते न बोलावता, शिक्षकांच्या बैठकीत वर्षातून किमान दोनदा बोलवावे आणि तेथे टॉकबॅक, युनिकोड, सांकेतिक भाषेतील उपलब्ध साहित्य व सुगम्य पुस्तकालय यांची प्रत्यक्ष ओळख करून द्यावी. 2016 मध्ये सुरू झालेल्या या ऑनलाइन पुस्तकालयात दृष्टिहीनांना वाचता येतील अशी पुस्तके मिळतात, आणि आपल्याकडील कित्येक ग्रंथपालांनी त्याचे नावही ऐकलेले नाही.

7. पूर, उष्णता किंवा अन्य कारणाने शाळा बंद ठेवावी लागली, तर त्या काळात नवा अभ्यास ग्रुपवर पुढे नेऊ नये. आकाशवाणीचे सोलापूर केंद्र आहे. शाळांनी एकत्र येऊन त्याच्याकडे अशा काळात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषांतून शालेय कार्यक्रमासाठी वेळ मागावा. रेडिओ ऐकायला रिचार्ज लागत नाही.

यांतील पहिली आणि चौथी मागणी पूर्ण करण्यास कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाच्या परवानगीची किंवा निधीची गरज नाही. दुसऱ्या मागणीला थोडा खर्च आहे. तो वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चातून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून निघू शकेल, असे माझे मत आहे. सहाव्या मागणीसाठी शिक्षण विभागाचे सहकार्य लागेल. म्हणून हे पत्र मी जिल्हा परिषद आणि महानगरपालिका या दोन्ही ठिकाणच्या शिक्षणाधिकाऱ्यांना स्वतंत्रपणे पाठवत आहे.

आपल्या संस्थेत या बाबतीत काय चालू आहे आणि यांपैकी कोणती मागणी कधीपासून अमलात येईल, हे आपण येत्या महिनाअखेरीपर्यंत सूचनाफलकावर लिहून पालकांना कळवावे, अशी विनंती आहे. एखादी मागणी शक्य नसेल, तर ती का शक्य नाही हेही त्याच फलकावर लिहावे, म्हणजे पालकांना त्यावर आपल्याशी बोलता येईल. ज्या शाळेला युनिकोड टंकलेखन, बोलून मजकूर लिहिणे किंवा टॉकबॅक शिकून घ्यायचे असेल, तेथे मी आणि माझी मुलगी शनिवारी दुपारी येऊ. तिच्या फोनवर आपलीच एखादी प्रश्नपत्रिका उघडून ती काय वाचते ते आपण सर्वांनी ऐकावे. त्यानंतर कोणती फाइल कशी बदलायची, ते ती स्वतः दाखवेल. येण्यासाठी एक दिवस आधी कळवले तरी पुरेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पूर्व भागातील एक शिक्षिका आणि पालक
सोलापूर